अंडाशय काढल्यावर पुन्हा वाफा

ताई, पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, मग आता वाफा, म्हणजे अंगातून अचानक उठणारी गरमी (हॉट फ्लॅश), कशा, असं वाटतंय ना? पाळी थांबली तरी अंडाशय थोडे हार्मोन बनवत असतात. त्यातल्या काहींचं शरीरातल्या चरबीत इस्ट्रोजेन होतं. ऑपरेशननंतर तो पुरवठा तुटतो. सगळ्यांनाच त्रास होत नाही, पण तुमचा त्रास मनाचा खेळ नाही, घरचे काहीही म्हणोत.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा वाफ कुठली नि ऊन कुठलं कळत नाही. वाफ छातीतून मान-चेहऱ्यावर चढते, काही मिनिटांत घाम सोडून ओसरते, मागून थंडी वाजते. थर्मामीटरच १००.४च्या वर गेला तर तो ताप. ऑपरेशन ताजं असताना लगेच डॉक्टरांना कळवा.

काळ्या मसाल्याची शेवभाजी, उकळता चहा जपूनच. मला तरी तिखटानं वाफ हमखास चढायची. रात्री सुती गाऊन घाला. झोप उडत असेल तर सोसत बसू नका. हार्मोनची औषधं आहेत, व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिनसारखी बिनहार्मोनचीही आहेत. मात्र काढलेल्या अंडाशयाच्या बायोप्सीचा (तपासणीचा) रिपोर्ट डॉक्टरांना दाखवूनच विचारा. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना हार्मोन सहसा देत नाहीत.