वाचकांचे प्रश्न : गवत कापायला बीएस्सी केली का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी साक्री तालुक्यातला, यंदा धुळ्याहून बॉटनी घेऊन बीएस्सी झालो. एका संस्थेत अकरा महिन्यांचं फील्ड असिस्टंटचं काम मिळतंय, कुरणावर. काम म्हणजे चौकट टाकून गवत कापायचं आणि वजन करायचं, घाणेरीची (लँटानाची) झुडपं उपटायची, उन्हाळ्यात वणव्याच्या ड्युटीला थांबायचं. मित्र हसतात, गवत कापायला बीएस्सी केली का म्हणतात. वडील म्हणतात एमएस्सी कर नाहीतर स्पर्धा परीक्षेला बस. हे काम घेतलं तर पुढे काही होतं का? आणि वर्षभरात शिकावं काय?

उत्तर : घे. अकरा महिने मिळताहेत तर बारावा महिना स्वतःच्या खिशातून काढ पण एका कुरणाचं एक पूर्ण वर्ष बघ, हे मी पहिल्या ओळीत सांगून टाकते कारण बाकीचं पत्र लांबणार आहे.

मी तुझ्या वयाची असताना अशाच एका संस्थेत लागले होते, नाव घेत नाही. पहिल्याच पावसाळ्यात आम्ही एका मुरमाड टेकडीवर शेकडो खड्डे खणले आणि गिरिपुष्प लावलं, कागदावर ती टेकडी 'पडीक' होती ना. गावातले एक गुराखी आबा रोज ढोरं घेऊन यायचे, ते दोन दिवस नुसते बघत बसले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, हाई पडित नही शे, हाई कुरण शे." आम्ही हसलो, फोटो काढले, रिपोर्ट गेला. तिसऱ्या वर्षी गेले तर बहुतेक रोपं वाळलेली, आणि प्रत्येक खड्ड्याच्या मातीच्या ढिगावर रानतुळस आणि गाजर गवत, कारण माती आम्हीच उघडी करून दिली होती. खड्ड्याखड्ड्याच्या मधे जे गवत होतं ते पवन्या, म्हणजे गुरांचा चांगला चारा होता हे मला तेव्हा कळलं. म्हणजे बॉटनीची डिग्री हातात असताना कळलं नव्हतं, आता बोल.

तर पहिलं शिकायचं ते गवत ओळखायला. झाडं सगळ्यांना येतात, पक्ष्यांचे फोटो सगळे टाकतात, गवत ओळखणारं माणूस तालुक्यात शोधून सापडत नाही आणि तिथेच तुझा भाव आहे. १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी देशातल्या गवताळ प्रदेशांचे ५ प्रकार पाडले, आपला भाग त्यातल्या सेहिमा-डायकँथियम प्रकारात येतो. नावं ऐकून घाबरू नको, सेहिमा म्हणजे आपलं पवन्या (कुठे शेडा म्हणतात) आणि डायकँथियम म्हणजे मारवेल. मारवेलची काडी हातात घे आणि पेरावर नीट बघ, पांढऱ्या केसांचं कडं दिसेल, एकदा दिसलं की आयुष्यभर विसरत नाही. रोशा तर डोळे मिटून ओळखता येतो, पान चुरगाळलं की वास. एकेकाळी खानदेशात रोशाच्या भट्ट्या लागायच्या, तेल बाहेर जायचं, गुरं मात्र सहसा त्याला तोंड लावत नाहीत. आणि कुसळी तुला शोधावी लागणार नाही, तीच येऊन मोज्यात घुसेल. संध्याकाळी मोजे झटकताना एक कुसळ काढून त्यावर पाण्याचा थेंब टाक, ते स्वतःभोवती गरगर फिरायला लागतं. असंच फिरत फिरत ते बी मातीत शिरतं आणि असंच मेंढीच्या कातडीतही शिरतं म्हणून मेंढपाळ त्याच्या नावाने बोटं मोडतात. ज्या माळावर चराई जास्त झाली तिथे पवन्या-मारवेल मागे पडतं आणि कुसळी पुढे येते, हे एवढं जरी तुला चालता चालता दिसायला लागलं तरी मी म्हणेन पगार वसूल.

दुसरं ती चौकट. मित्र हसतात तेच काम. मीटर बाय मीटरची पाइपची चौकट असते, ठरल्या जागी टाकायची, आतलं गवत विळ्याने कापायचं, जातीप्रमाणे वेगळं करायचं, ओलं वजन, मग वाळवून परत वजन. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण एक सांगते, चौकट टाकताना हात आपोआप हिरव्यागार ठिकाणी जातो, सगळ्यांचा जातो, माझाही जायचा, आणि मग डेटा सांगतो की कुरण मस्त आहे. म्हणून जागा आधी नकाशावर ठरवायच्या आणि तिथे दगड असला तरी दगडावर टाकायची. वहीत 'दगड' लिहायचं. दर महिन्याला एकाच जागेवरून एकाच दिशेचा फोटो काढ, पाठीमागे एखादं खूणझाड येईल असा, तो फोटो तुला एमएस्सीच्या इंटरव्ह्यूत उपयोगी पडेल.

बाकी वर्ष असं जातं. पावसाळ्यात बी पेरणं आणि तण काढणं, गवत फुलावर आलं की ओळखायचं (तेव्हाच सोपं जातं), ऑक्टोबर-नोव्हेंबरला बी गोळा करायचं, बी झडल्यावर म्हणजे साधारण दिवाळीनंतर कापणी. आधी कापलं तर पुढच्या वर्षीचं बी गंजीत गेलं. ताजं बी लगेच उगवेल असं समजू नको, बऱ्याच बारमाही गवतांचं बी काही महिने झोपलेलं असतं, ते कोरड्या जागी पोत्यात ठेवून पुढच्या पावसाला टाकायचं, शेण-मातीत कालवून टाकलं तर वाऱ्याने उडत नाही. थंडीत जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या हिशेबात आगीचा सीझन, तो सुरू व्हायच्या आत जाळरेषा झाली पाहिजे, आणि काडी वनखात्याचे लोक बरोबर असतील तरच लावायची, आपल्या मनाने नाही म्हणजे नाही. लळिंगच्या कुरणाला आग लागली की धुळ्यातल्या गच्चीवरून धूर दिसतो, तू पाहिलाच असशील.

घाणेरीबद्दल एक. वरून कापलीस तर दुप्पट फुटते. जमिनीच्या जरा खाली, जिथून फुटवे येतात त्या भागाच्या खाली मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडे. दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू यांच्या टीमने ही पद्धत बसवली, कुदळ सोडून काही लागत नाही. फळं धरायच्या आत करायचं नाहीतर पाखरं बी नेतात. आणि काढलेल्या जागी त्याच पावसात गवताचं बी पडलंच पाहिजे, मोकळी जागा सोडलीस की पुढच्या वर्षी तू परत तिथेच कुदळ घेऊन.

पुढचं काय, तर वडिलांना सांग की वनरक्षकापासून एमपीएससीच्या वनसेवेपर्यंत सगळं नंतरही आहे, देहरादूनच्या वन्यजीव संस्थेत एमएस्सी आहे, झाशीला चारा संशोधनाची मोठी संस्था १९६२ पासून आहे, आणि या सगळ्या ठिकाणी फील्डवर वर्ष काढलेला मुलगा वेगळा दिसतो. फक्त जॉइन व्हायच्या आधी पगार, राहणं, जेवण, पेट्रोल हे चारही कागदावर घे. 'अनुभव मिळेल' हे पाचवं कुणी म्हणालं तर चहा पिऊन घरी ये.

आणि आबांसारखं कुणी भेटलं तर बस त्यांच्याजवळ. भाकरी-ठेच्याचं फडकं सोड, वही बंद ठेव आणि ढोरं आधी कशाला तोंड लावतात ते बघ. मी आबांना एकदा पंधरा जाती काढून दाखवल्या होत्या मोठ्या तोऱ्यात, ते म्हणाले, "ढोर खास तेच गवत, बाकी कचरा." (खास म्हणजे खातं.) शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, पण त्या पंधरातल्या खाण्याजोग्या सहा त्यांनी एका मिनिटात बाजूला काढल्या.

प्रश्न : मॅडम, मी पारोळा तालुक्यातला ग्रामपंचायत सदस्य. गावाला ४० एकर गायरान आहे. एक कंपनी फुकट झाडं लावून देते म्हणते. मुलगा बारावी होऊन घरी आहे, त्याला यात काम मिळेल का? आणि झाडं लावावी का नाही?

उत्तर : दादा, आधी पावसानंतर एकदा आबालवृद्ध घेऊन गायरानावर फिरून या. मुरूम वर आलाय, माती वीतभर आणि पवन्या-मारवेल दिसतंय तर खड्डे नको. नाल्याच्या कडेला, बांधाला, जिथे माती खोल आहे तिथे निंब, बोर, बाभूळ खुशाल लावा आणि कंपनीला तेवढीच जागा दाखवा. वेडी बाभूळ माजली असेल तर लागवडीचा पैसा ती काढण्यात घालायला सांगा, बघू तयार होतात का, माझा अनुभव असा की झाडं लावायला सगळे पैसे देतात, काढायला कुणी देत नाही.

गायरानाचे तीन भाग करून दरवर्षी एक भाग पावसाळाभर चराईला बंद ठेवा आणि हे ग्रामसभेत ठरवा, दोन-चार जणांनी ठरवलं तर टिकत नाही. साक्री तालुक्यातलं बारीपाडा एकदा जाऊन बघा, चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ते गाव, तिथे कुऱ्हाडबंदी-चराईबंदी गावाने स्वतः ठरवून पाळली. मात्र बंदी करताना ठेलारी मेंढपाळांना विसरू नका, पिकं निघाल्यावर तुम्हीच त्यांच्या मेंढ्या शेतात बसवता खतासाठी, मग गायरानाच्या मिटिंगला पण त्यांना बोलवा. जमीन वनखात्याची असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात फिरत्या पशुपालकांचा चराईचा हक्कही लिहिलेला आहे.

मुलाचं म्हणाल तर त्याला या वर्षी बंद भागाची राखण आणि नोंदवही द्या, ग्रामपंचायतीने थोडं मानधन ठरवून. कोणत्या दिवशी कापणी, किती भारे निघाले, कुणी नेले. वनरक्षकाच्या भरतीला बारावी चालते (विषयाची अट जाहिरातीत नीट बघा), तोपर्यंत त्याचे पाय माळावर तयार होतील.

प्रश्न : ताई, मी शहाद्याची. मला कुरणावरचं फील्डचं काम करायचंय पण घरचे म्हणतात मुलीने माळावर एकटं फिरायचं नाही. काय सांगू?

उत्तर : एकटं फिरायचं नाही हे बरोबरच सांगतात गं, मुलांनीही फिरू नये. मुरमाड माळावर फुरसं (विषारी साप) असतं, दगड उचलताना आधी काठीने हलव, घोट्याच्या वरपर्यंत बूट घाल, कितीही उकडलं तरी. संस्थेला फोन करून तीन गोष्टी विचार : टीममध्ये दुसरी बाई आहे का, राहायच्या ठिकाणी बाथरूमला आतून कडी आहे का, अपघात झाला तर गाडी कुणाची. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तिथे जाऊ नको, दुसरी जागा बघ.

घरच्यांना हेही सांग की तुमच्या शहाद्याजवळच १९९७ मध्ये रानपिंगळा, म्हणजे नामशेष झालं असं मानलेलं एक लहान घुबड, ११३ वर्षांनी परत सापडला, आणि शोधायला लोक अमेरिकेहून आले होते. शहाद्याच्या मुलीला तिथे जायला फक्त बसचं तिकीट लागतं. पहिल्यांदा आईला बरोबर घेऊन जा. माझी आई आली होती, दिवसभर कुरकुर केली आणि संध्याकाळी रोशाची पेंढी बांधून घरी घेऊन आली, कपाटात ठेवायला.