घर इथं, फाइल तिकडं: फॅमिली पेटिशनला नेमका किती वेळ लागतो?

मागच्या अंकात पासपोर्टमधल्या नावाच्या दुरुस्तीवर लिहिलं आणि त्यानंतर जी पत्रं आली त्यातली बरीचशी अमेरिकेच्या फॅमिली पेटिशनचीच, म्हणजे तिकडच्या नातेवाइकानं इथल्या माणसाला कायमचं तिकडं नेण्यासाठी करायच्या अर्जाचीच निघाली, म्हणून या महिन्यात दुसरं काही घेतच नाहीये. उत्तरांआधी एक गोष्ट सांगते, कारण जवळपास प्रत्येक पत्रात तोच घोळ आहे. या कामात वेळ दोन ठिकाणी जातो. एक म्हणजे यूएससीआयएस, म्हणजे तिकडचं इमिग्रेशन खातं, तुमचा आय-१३०, म्हणजे या पेटिशनचा फॉर्म, तपासून मंजूर करतं तो वेळ. दुसरा म्हणजे मंजुरी मिळूनही व्हिसाचा नंबर लागायची रांग. पेटिशन करणारा अमेरिकन सिटिझन असेल आणि ज्याच्यासाठी करायची ती व्यक्ती नवरा, बायको, आई, वडील किंवा २१ वर्षांखालचं बिनलग्नाचं मूल असेल तर रांग नसतेच. भाऊ-बहीण आणि मोठी झालेली मुलं यांना मात्र दोन्ही वेळ सोसावे लागतात. तुमची फाइल यातल्या कुठल्या वेळात अडकलीय ते आधी बघा, मग पुढचं.

प्रश्न: नमस्कार ताई. माझी मिसेस अमेरिकन सिटिझन आहे, तिकडंच जन्मलेली आणि शिकलेली. २०२२ ला लातूरला आमचं लग्न झालं आणि तेव्हापासून ती ओसीआयवर इथंच आहे, मुलगीपण इथंच झाली. आता तिघांनीही तिकडं जायचं ठरवायलोत. एकजण म्हणायलाय की मुंबईच्या कॉन्सुलेटात डायरेक्ट फाइल टाकली की दोन महिन्यात काम होतंय, दुसरा म्हणायलाय की बायकोला आधी अमेरिकेत जाऊन राहावं लागंल मगच फॉर्म भरता येतो. खरं काय आणि किती दिवस धरायचे? (एक वाचक, लातूर)

दोघांचंही ऐकू नका दादा. मिसेस लातूरच्या घरात बसून ऑनलाइन आय-१३० भरू शकतात, त्यासाठी आधी तिकडं जायची गरज नाही. फी ऑनलाइनला ६२५ डॉलर आणि कागदावर ६७५ डॉलर, हा दर १ एप्रिल २०२४ पासूनचा. कागदी फाइल करूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ऑनलाइन खात्यात प्रत्येक नोटीस लगेच दिसते, आणि परदेशातनं येणारं पाकीट पोस्टातनं तुमच्या गल्लीपर्यंत पोचेल का या काळजीत महिने घालवण्यात काही अर्थ नाही.

मुंबईत डायरेक्ट टाकायचं म्हणाल तर पूर्वी काही देशांत यूएससीआयएसची ऑफिसं तिथंच फॉर्म घ्यायची, १ फेब्रुवारी २०२० पासून ते बंद झालं. आता कॉन्सुलेट अगदी अपवाद म्हणून घेतं, जसं की तातडीचं गंभीर आजारपण, जिवाला धोका, किंवा नोकरीत अचानक थोड्या दिवसांत बदली झाली असं काही. आम्हाला लवकर जायचंय एवढं कारण त्यात बसत नाही.

वेळेचं म्हणाल तर गेल्या काही वर्षांत नवरा-बायकोच्या केसला नुसत्या आय-१३० लाच एक ते दीड वर्ष लागत आलंय, त्यानंतर नॅशनल व्हिसा सेंटर म्हणजे एनव्हीसीकडे फी, कागदपत्रं आणि डीएस-२६०, म्हणजे व्हिसा अर्जाचा फॉर्म, आणि मग मुंबईच्या बीकेसीतल्या कॉन्सुलेटात इंटरव्ह्यू. सगळं मिळून दोन वर्षांच्या हिशोबानं चाला, लवकर झालं तर चांगलंच. यूएससीआयएसच्या साइटवर जो महिन्यांचा आकडा दिसतो त्याचा अर्थ ८० टक्के केसेस तेवढ्या वेळात निघाल्या असा असतो, तुमची त्याच्या आत निघेलच असं नाही, पण तो वेळ उलटून गेल्याशिवाय तुम्हाला उशिराबद्दल विचारणाही करता येत नाही.

आता तुम्ही जे विचारलंच नाही आणि इथं राहून पेटिशन करणाऱ्यांचं जिथं सगळ्यात जास्त अडतं ते सांगते. शेवटी शेवटी मिसेसना आय-८६४ भरावा लागतो, म्हणजे नवऱ्याचा खर्च मी उचलेन असं हमीपत्र, आणि त्यात स्वतःचा डोमिसाइल, म्हणजे कायमचं राहतं घर, अमेरिकेत आहे किंवा नवऱ्यासोबतच, फार तर त्याच्या आधी, तिकडं राहायला जाणार हे दाखवावं लागतं. लातूरला राहते एवढंच दिसलं तर इंटरव्ह्यूला फाइल तिथंच थांबते. म्हणून आत्तापासून तिकडचं बँक खातं चालू ठेवा, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, नोकरीची ऑफर, भाड्याच्या घराचा करार, मुलीच्या शाळेचा पत्रव्यवहार, जे जे होईल ते जमवत राहा. एनव्हीसीची फी, व्हिसा अर्जाची ३२५ डॉलर आणि हमीपत्राची १२० डॉलर, अमेरिकन बँकेच्या खात्यातनंच कटते, त्यामुळं ते खातं तसंही लागणारच आहे. आणि अमेरिकन सिटिझन जगात कुठंही राहिला तरी ठरावीक मर्यादेच्या वर उत्पन्न असेल तर तिकडचं टॅक्स रिटर्न भरावंच लागतं, ते भरलं नसेल तर आधी भरून घ्या, हमीपत्राला ते जोडावं लागतं.

उत्पन्नाची अट गरिबी रेषेच्या १२५ टक्के अशी आहे, २०२५ च्या आकड्यांत दोन माणसांच्या घराला वर्षाला २६,४३७ डॉलर, आणि माणसं वाढली की आकडा वाढतो. इथली नोकरी तिकडं गेल्यावर सुटणार असेल तर तो पगार धरत नाहीत. तिच्या आईवडिलांपैकी किंवा तिकडच्या कुणी जॉइंट स्पॉन्सर म्हणून सही केली तर उत्पन्नाचा प्रश्न मिटतो, पण डोमिसाइल मिसेसचाच लागतो, तो उसना मिळत नाही.

आणि मुलगी! तिच्यासाठी आय-१३० भरू नका, आधी चौकशी करा. आई अमेरिकन सिटिझन असून मुलीच्या जन्माआधी किमान पाच वर्षं, त्यातली दोन वयाच्या १४ नंतर, प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेली असेल तर अशी मुलगी जन्मतःच अमेरिकन सिटिझन असते. तिची नोंद मुंबई कॉन्सुलेटात करून पासपोर्ट काढायचा, बस. तुमच्या मिसेस तिकडंच वाढल्यात म्हणजे हे बहुतेक जमेल. ही माहिती नसल्यानं लोक लेकराची इमिग्रेशन फाइल करून पैसे आणि वेळ दोन्ही घालवतात, फार वाईट वाटतं.

प्रश्न: ताई, माझ्या मोठ्या भावानं न्यू जर्सीतनं मार्च २०१२ ला आमची फाइल टाकली, २०१७ ला अप्रूव्ह पण झाली. अप्रूव्ह होऊन इतकी वर्षं झाली तरी पुढं काहीच कळंना. माझा मुलगा १९ वर्षांचा झालाय, नांदेडलाच बीएस्सीला आहे. त्याला आमच्यासोबत जाता येईल का? (एक ताई, नांदेड)

ताई, खरं सांगायचं तर तुमची वाट अजून लांब आहे आणि मी गोड बोलून ती लपवणार नाही. तुमची फाइल एफ-४ या प्रकारातली, सिटिझनच्या भावंडांसाठीची. या प्रकाराला सगळ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० व्हिसे, त्यातही रांगेतल्या सगळ्या प्रकारांना मिळून एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात भारताच्या एफ-४ समोर जी तारीख असते तिच्या आधी ज्यांची फाइल पडली त्यांचाच नंबर लागतो. २०२५ सालभर ती तारीख २००६ मधलीच होती. तुमची २०१२ ची. आणि ही तारीख वर्षाला वर्षभर पुढं सरकत नाही, गेल्या काही वर्षांत ती त्याहून खूपच हळू चाललीय. अप्रूव्हल लेटर घरात आहे म्हणून काम झालं असं वाटणं साहजिक आहे, पण त्याचा अर्थ नातं मान्य झालं, एवढाच.

मुलाचं. २००२ साली आलेल्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्टनुसार तुमचा नंबर लागेल त्या दिवशीच्या त्याच्या वयातनं फाइल यूएससीआयएसकडे जेवढा काळ पेंडिंग होती तेवढा काळ वजा करतात. तुमच्याकडं ती साधारण पाच वर्षं होती, म्हणजे त्याचं खरं वय २६ च्या आसपास होईपर्यंत तो २१ च्या आत धरला जाईल, लग्न केलेलं नसेल तर. पण तेवढ्या वर्षांत बुलेटिनची तारीख २००६ वरनं २०१२ पर्यंत यावी लागेल आणि आत्ताची चाल बघता मला ते होताना दिसत नाही. त्याचं एमएस्सी, नोकरी, लग्न यातलं काहीही या फाइलपायी अडवून ठेवू नका, माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही ग्रीन कार्डवर गेलात आणि तोवर तो बिनलग्नाचा असेल तर तुम्ही त्याच्यासाठी नवी पेटिशन करू शकता, तिला पुन्हा वेगळी रांग. फाइल मात्र जिवंत ठेवा, घर बदललं, फोन बदलला, ईमेल बदलला की भावाकडून कळवून घ्या. आणि एनव्हीसीनं नंबर लागल्याचं कळवल्यावर वर्षभरात काहीच हालचाल केली नाही तर केस रद्द होऊ शकते, इतकी वर्षं थांबून तिथं चूक करू नका.

प्रश्न: मुलगा अमेरिकन सिटिझन आहे पण सध्या कंपनीनं दुबईला पाठवलंय. आम्हा दोघांची फाइल त्याला तिथनं करता येईल का? अडचण अशी की आमचे जन्म १९५४ आणि १९५८ चे, बीड जिल्ह्यातल्या खेड्यात, जन्माचा दाखला दोघांचाही नाही, आणि टीसीवर दोघांची जन्मतारीख १ जून. ऑफिसर हसंल का काय असं वाटायलंय. (निवृत्त शिक्षक)

गुरुजी, हसणार कुणी नाही. त्या काळी शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहून टाकायची पद्धत होती, आपल्याकडं घराघरात १ जूनची माणसं आहेत आणि मुंबईतल्या ऑफिसरांसमोर असे कागद रोज येत असणार. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, त्याआधीच्या जन्मांच्या नोंदी खेड्यांत बऱ्याचदा नाहीतच. ग्रामपंचायतीतनं किंवा जिथं नोंद असायला हवी होती तिथनं नोंद उपलब्ध नाही असा दाखला घ्या, त्याला शाळेचा निर्गम उतारा जोडा, आणि तुमचा जन्म माहीत असलेलं वडीलधारं माणूस हयात असेल तर त्यांचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा. हे शेवटचं पुढं ढकलू नका. आत्ता घाईघाईनं नवा जन्मदाखला काढून घ्यायचा मोह होतो, पण ७० वर्षांनी केलेल्या नोंदीचं वजन कमीच पडतं, तो असला तरी जुने कागद मागतातच.

खरी मेख मुलाच्या जन्मदाखल्यात असते, कारण तुमचं नातं त्यावरनंच सिद्ध होतं. त्यात आईचं नाव माहेरचं आहे का सासरचं, वडिलांचं नाव आणि आडनाव पासपोर्टसारखंच आहे का, हे आज संध्याकाळीच काढून बघा. फरक असेल तर एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, कधीकधी राजपत्रात नाव बदलूनही घ्यावं लागतं, आणि या दुरुस्त्यांतच महिने जातात. यूएससीआयएसनं पुरावा मागणारी नोटीस पाठवली की तुमचं उत्तर पोचेपर्यंत फाइल बाजूला पडते, हा उशीर मात्र आपल्या हातातला आहे.

दुबईतनं फाइल करता येते, अगदी ऑनलाइन. आईची वेगळी आणि वडिलांची वेगळी, दोन पेटिशन, दोन फी. तुम्हाला रांग नाही. लातूरच्या उत्तरात डोमिसाइलचं लिहिलंय ते मुलालाही लागू, मात्र अमेरिकन कंपनीनंच ठरावीक मुदतीसाठी परदेशी पाठवलं असेल तर तसं कंपनीचं पत्र फार उपयोगी पडतं. त्याला ते आत्ताच मागून ठेवायला सांगा.

प्रश्न: पेटिशन पेंडिंग असताना सुनेच्या बाळंतपणाला टुरिस्ट व्हिसावर जाता येतं का? (परभणी)

अर्ज करता येतो, मनाई नाही. पण फॉर्ममध्ये इमिग्रंट पेटिशन भरलीय का असा सरळ प्रश्न असतो, तिथं खरंच लिहा. पेटिशन आहे म्हणजे तिकडं राहायचा विचार आहे असं धरून नाकारण्याची शक्यता वाढते, हे मनात ठेवून जा. खोटं लिहिलेलं पुढं ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूला समोर आलं तर कायमचं दार बंद होऊ शकतं. आधीचा दहा वर्षांचा व्हिसा पासपोर्टवर असेल तरी विमानतळावर ऑफिसर विचारू शकतो, परत यायचं तिकीट आणि इथल्या घरादाराचे कागद जवळ असू द्या.

प्रश्न: जालन्यातले एक कन्सल्टंट दीड लाखात फाइल फास्ट ट्रॅकला टाकून देतो म्हणतायत. द्यावेत का?

अजिबात नाही. आय-१३० ला पैसे भरून लवकर निर्णय घ्यायची, ज्याला प्रीमियम प्रोसेसिंग म्हणतात, ती सोय नाहीच. गंभीर आजारपणासारखं कारण असेल तर एक्स्पेडाइटची, म्हणजे फाइल लवकर बघण्याची, विनंती पेटिशन करणाऱ्यानं स्वतः करायची असते, तिला फी लागत नाही, दवाखान्याचे कागद मात्र पक्के लागतात. फाइल खरंच भरली गेलीय का हे बघायचं असेल तर त्यांच्याकडून पावतीचा नंबर मागा, तीन इंग्रजी अक्षरं आणि दहा आकडे असतात, तो यूएससीआयएसच्या साइटवर टाकला की केस कुठंय ते कुणालाही फुकट दिसतं. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर आधी दिलेले पैसे परत मागा आणि तुमचे मूळ कागद त्याच दिवशी ताब्यात घ्या.