अंदाज बरोबर होता

सदाशिव पेठ, पुणे

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तळजाईवरून उतरताना तू मोबाइलवर तीन महिन्यांचा हिशोब दाखवलास. जवळजवळ सगळे दिवस हिरवे, म्हणजे नफ्याचे. हिंजवडीची नोकरी सोडून पूर्णवेळ ऑप्शन, म्हणजे शेअर बाजारातले मुदतीचे करार, विकणार आणि भांडवलासाठी पर्सनल लोन काढणार, असं म्हणालास. सोबत माणसं होती म्हणून गप्प बसलो. आता लिहितोय ते तुझ्या आईलाही मी कधी सांगितलेलं नाही.

3 जून 2024. लोकसभेचे एक्झिट पोल येऊन गेले होते, बाजाराचा निर्देशांक निफ्टी 23,263 वर बंद झाला. मी त्याच आठवड्यात संपणारे 22,500 चे पुट विकले, दहा लॉट; म्हणजे प्रीमियम घेऊन, निफ्टी 22,500 च्या खाली गेला तर फरक भरायची हमी दिली. तेव्हा एक लॉट 25 नगांचा होता, म्हणजे एकूण 250. तीन दिवसांत साडेसातशे पॉइंट कुठे पडतोय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू झाली आणि निफ्टी 21,300 च्याही खाली जाऊन आला. तोटा ठरावीक भावाला थांबवणारा स्टॉपलॉस लावला होता. पण आपल्याकडे ऑप्शनमध्ये तो लिमिटचाच लागतो, म्हणजे ठरवलेल्या भावापलीकडे सौदा होत नाही. ट्रिगर लागला, भाव लिमिट ओलांडून पुढे पळाला, ऑर्डर लटकत राहिली. मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, कमी पडलं आणि ऐन तळाला मला पुट परत घ्यावे लागले. 1,200 पॉइंट गुणिले 250, म्हणजे तीन लाख. घाबरलेल्या बाजाराने वाढवलेला प्रीमियम त्यावर वेगळा.

6 जूनला एक्स्पायरी, म्हणजे पुटची मुदत संपायचा दिवस. निफ्टी 22,821 वर बंद झाला. माझे पुट शून्य झाले असते.

अंदाज बरोबर होता रे! तो खरा ठरेपर्यंत टिकायची ऐपत नव्हती. दोनच लॉट असते तर मार्जिन भरून बसलो असतो. किंवा सोबत 22,000 चे पुट विकत घेतले असते, तर तोटा 500 पॉइंटांच्या आत बांधला गेला असता आणि मार्जिनही कमी लागलं असतं. त्या संरक्षणाचे थोडे पैसे मला जड वाटले होते.

म्हणून तुझे हिरवे दिवस बघून मला धीर येत नाही. ऑप्शन विकणाऱ्याचे बहुतेक दिवस हिरवेच असतात. विमा कंपनीसारखे हप्ते जमा होत राहतात, आणि दावा एकाच दिवशी येतो. तुझ्या तीन महिन्यांत तो आलेला नाही, एवढंच. बाजाराची नियामक संस्था सेबीने 2024 मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशोब मांडला, तेव्हा एफ अँड ओमधल्या (फ्युचर्स आणि ऑप्शनमधल्या) 100 वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 तोट्यात निघाले होते.

कर्ज तर काढूच नकोस. हप्ता पाच तारखेला कापला जातो, बाजाराला तारीख नसते. मग हप्त्यासाठी ट्रेड शोधायची वेळ येते, आणि तसा शोधलेला ट्रेड मी तरी चांगला निघालेला पाहिला नाही. नोकरी राहू दे. पगारातून दर महिन्याला चांगले शेअर पूर्ण पैसे भरून डिलिव्हरीत घे. ते पडले तरी मार्जिनसाठी कुणी ते तुझ्या हातून काढून घेणार नाही. शेअरचे ऑप्शन सध्या नकोच. 2019 पासून त्यांची एक्स्पायरीला डिलिव्हरी होते, म्हणजे प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात, आणि तेवढी रक्कम तुझ्याकडे नाही.

येत्या रविवारी वही घेऊन घरी ये. तुझी आजची प्रत्येक पोझिशन 4 जूनच्या दिवसावर ठेवून, लॉट धरून, आकडा काढू. त्या दिवशी निफ्टी जवळजवळ 6 टक्के पडून बंद झाला होता. आकडा तू तुझ्या हाताने लिही. मग नोकरीचं बोलू.

तुझा,
मामा