केल्टिक, सेल्टिक आणि एक ‘गेल्तिएक’

प्रश्न असा आला आहे : ‘आलान स्तिवेल या हार्पवादकावर लेख लिहितो आहे. त्याचं संगीत सेल्टिक म्हणू की केल्टिक? आणि हार्पला वीणा म्हटलं तर चालेल का?’

माझं मत केल्टिकच्या बाजूने आहे, पण सेल्टिक म्हणणाऱ्याला अडाणी ठरवू नका. केल्ट म्हणजे प्राचीन युरोपातले एक लोक. त्यांच्यासाठीचा मूळ ग्रीक शब्द ‘केल्तोइ’, लॅटिनमध्ये ‘केल्ताए’. प्राचीन लॅटिनमधला हा ‘क’ पुढे ‘ए’-‘इ’ या स्वरांआधी मऊ होत गेला आणि फ्रेंचमध्ये त्याचा ‘स’ झाला. इंग्रजीने शब्द घेतला तो फ्रेंचमार्गे, म्हणून तिथेही आधी ‘स’च होता, भाषाशास्त्रज्ञांनी नंतर ‘क’ परत आणला. आपल्याला हा प्रकार नवा नाही. सीझर आणि कैसर ही दोन्ही रूपं मराठीत नांदतात आणि दोन्ही एकाच रोमन नावाची लेकरं आहेत. एक अपवाद : ग्लासगोचा फुटबॉल क्लब (स्थापना 1887) मात्र सेल्टिकच. विशेषनाम आहे, तिथे शुद्धीची हौस नको.

आता स्तिवेलकडे येऊ. त्याच्या बाबतीत हा घोळ अगदी रंगतो. जन्म 1944 चा, फ्रान्समधल्या रियों गावी, बालपण पॅरिसमध्ये, पण घराणं ब्रिटनीचं, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य टोकाचं, जिथे ब्रेटन ही केल्टिक कुळातली भाषा बोलतात. ब्रिटनीत केव्हाच विसरली गेलेली हार्प वडिलांनी स्वतःच्या हातांनी पुन्हा घडवली. ती 1953 साली पुरी झाली, तेव्हा पोरगा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी तो ती लोकांपुढे वाजवू लागला.

आडनाव खरं तर कोशवेलू. त्याची फोड ‘कोझ स्तिवेलू’, म्हणजे ‘जुने झरे’, अशी केली जाते. त्यातला झरा तेवढा ठेवून ‘जुने’ गाळलं, आणि ‘स्तिवेल’ हे कलानाम झालं. जुनं वाद्य घेऊन निघालेल्या माणसाने नेमकं तेच विशेषण टाकावं, हे मला फार आवडतं. त्याने केलंही तसंच. पारंपरिक चालींच्या जोडीला इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम आणले, आणि 28 फेब्रुवारी 1972 ला पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात तो कार्यक्रम असा गाजला की ब्रेटन गाणी फ्रान्सभर पोचली. त्याला नुसतं ‘लोकसंगीतकार’ म्हणणं म्हणूनच अपुरं वाटतं.

गंमत त्याच्या ध्वनिमुद्रिकांच्या नावांत आहे. 1971 च्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेचं नाव फ्रेंच, त्यात ‘आर्प सेल्तिक’, म्हणजे केल्टिक हार्प. 1964 ची मात्र ब्रेटन : ‘तेलेन गेल्तिएक’, अर्थ तोच. हा ‘ग’ कुठून आला? ब्रेटनमध्ये शब्द ‘केल्तिएक’ असाच आहे, पण ‘तेलेन’ (हार्प) स्त्रीलिंगी, म्हणून मागून येणाऱ्या विशेषणाचा ‘क’ घोष होऊन ‘ग’ झाला. आपल्याकडे काळा घोडा, काळी घोडी. लिंग बदललं की विशेषणाची शेपटी हलते. तिथे डोकं हलतं! एकाच माणसाच्या कामात या एका शब्दाचे ‘स’ आणि ‘ग’ सापडतात, आणि ज्या ‘क’साठी आपण भांडतोय तो शब्दकोशात बसलेला. तरी मराठीत केल्टिकच लिहा, कारण ब्रेटन, वेल्श, आयरिश या भाषांत तो मूळचा ‘क’ आजही बोलला जातो.

वीणेचं म्हणाल तर, इतिहास तुमच्या बाजूने आहे. समुद्रगुप्ताच्या नाण्यांवर राजाच्या मांडीवर जी वीणा दिसते ती धनुष्याकृती, म्हणजे चक्क हार्पच. पण आज वीणा म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे वारकऱ्याच्या गळ्यातली वीणा उभी राहणार, नाहीतर सरस्वतीच्या हातातली. दोन्हींना दांडी आहे. हार्पला तशी दांडी नसते, चौकटीत ताणलेल्या तारा मोकळ्याच छेडतात. तेव्हा हार्पच ठेवा. पहिल्या उल्लेखात हवं तर ‘उभ्या तारांचं, दोन्ही हातांनी छेडायचं वाद्य’ एवढं जोडा.