मुंबई घ्यायला आले आणि अंजदीववर मेले: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात मुंबईच्या जुन्या किल्ल्यावर लिहिताना आम्ही एका ओळीत उरकलं होतं की मुंबई बेट इंग्रजांच्या राजाला पोर्तुगीज राजकन्येबरोबर आंदण म्हणून मिळालं. त्या एका ओळीवरच यावेळी सगळ्यात जास्त प्रश्न आले, म्हणून आजची जागा पूर्ण त्यालाच देतोय.

प्रश्न: नमस्कार सर, दिवाळीत आम्ही सगळे कारवारला गेलो होतो. किनाऱ्यावरून एक बेट दिसतं, अंजदीव. तिथला एक माणूस सांगत होता की मुंबई ताब्यात घ्यायला आलेले इंग्रज सैनिक या बेटावर मेले. हे खरंय का? मुंबई तर आंदणात मिळाली होती ना, मग सैनिक मरायचं कारण काय? आणि मुंबई सोडून कारवारला कशाला गेले?
(इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: अगदी खरंय. आणि लढाईत एकही मेला नाही, हे आधी सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की काहीतरी युद्ध झालं असेल.

झालं असं, की १६६१ च्या जूनमध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची कॅथरिन यांच्या लग्नाचा करार झाला, त्यात मुंबई बेट इंग्लंडला द्यायचं ठरलं. पुढच्या वर्षी राजाने सर अब्राहम शिपमन नावाच्या माणसाला गव्हर्नर नेमून साधारण चारशे सैनिक देऊन पाठवलं, जहाजांचा प्रमुख होता अर्ल ऑफ मार्लबरो. १६६२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही जहाजं मुंबईला पोचली. आता लंडन आणि लिस्बनमध्ये बसून बेट देऊन टाकणं सोपं होतं, पण गोव्यातला पोर्तुगीज व्हाइसरॉय अंतोनियो दे मेलो ई कास्त्रो, त्याला ते अजिबात मान्य नव्हतं. त्याने शिपमनच्या कागदपत्रांत खोट काढली, की हे अधिकारपत्र नियमाप्रमाणे नाही. शिवाय नेमकं किती द्यायचं यावर वाद, इंग्रज म्हणतात आजूबाजूची साष्टीवगैरे पण आमची, पोर्तुगीज म्हणतात फक्त मुंबईचं बेट. या व्हाइसरॉयने आपल्या राजाला स्पष्ट लिहिलं होतं की ज्या दिवशी इंग्रज मुंबईत बसतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला असं समजा. माणूस हट्टी होता खरा, पण त्याची नजर लांबची होती.

मग सैनिकांना उतरवायचं कुठे? सुरतेला ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती, तिथला प्रेसिडेंट सर जॉर्ज ऑक्सेंडन. त्याने सरळ नाही म्हणून सांगितलं, कारण चारशे हत्यारबंद गोरे सुरतेत उतरले तर मुघल सुभेदार संशय घेणार आणि कंपनीचा चालू धंदा बसणार. मार्लबरो जहाजं घेऊन इंग्लंडला परत गेला. म्हणजे राजाचे सैनिक, पण पोर्तुगीज आत घेत नाहीत, आपल्याच देशाची कंपनी उतरू देत नाही, आणि ज्या जहाजांनी आणलं ती पण निघून गेली. शेवटी कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर, जिथे पोर्तुगीजांनी १५०५ साली बांधून लगेच वर्षभरात सोडलेल्या किल्ल्याशिवाय काही नव्हतं, तिथे ही सगळी माणसं नेऊन ठेवली.

तिथे त्यांनी दोन पावसाळे काढले. कारवारचा पाऊस म्हणजे आपल्या इगतपुरीसारखा, सुरू झाला की थांबायचं नाव नाही, आणि इथे डोक्यावर धड छप्पर नाही, अन्न चांगलं नाही, पावसाळ्यात समुद्र खवळला की समोर दिसणाऱ्या किनाऱ्यावरून होडी पण येणार नाही. त्यांच्याकडे त्या काळच्या तोड्याच्या बंदुका, म्हणजे बारूद पेटवायला जळती वात लागते, त्या दमट हवेत वात विझणार आणि दारू ओली होणार. पण खरं सांगायचं तर बंदूक चालवायची वेळच आली नाही. ताप आणि हगवण, यातच माणसं गेली. १६६४ च्या एप्रिलमध्ये स्वतः शिपमन पण तिथेच वारला. मरताना त्याने आपला सेक्रेटरी हम्फ्री कुक याला आपल्या जागी नेमलं.

कुकने मग जे मिळेल ते घेऊ असं ठरवून १४ जानेवारी १६६५ ला पोर्तुगीजांच्या अटींवर सही केली, आणि फेब्रुवारीत मुंबई ताब्यात घेतली. तेव्हा सैनिक उरले होते शंभरच्या आसपास. ताबा घेतानाचा कागद आहे त्यात बारीकसारीक वर्णन आलंय, की कुक जमिनीवर चालला, हातात माती आणि दगड घेतले, बुरुजावर चढून फिरला, भिंतींना हात लावले. आज आपण सात-बाऱ्यावर नाव लावतो, तेव्हा मालकी अशी घ्यायची पद्धत होती. मी जेव्हा जेव्हा हे वाचतो तेव्हा मला कुकपेक्षा त्याच्या मागे उभे असलेले ते शंभर लोक डोळ्यांसमोर येतात, चारातले तीन सोबती बेटावर पुरून आलेले. त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा कोणाला माहीत नाहीत, आणि मुंबई आंदणात फुकट मिळाली असं आपण सहज म्हणून जातो ते मला म्हणूनच खटकतं.

प्रश्न: जय हिंद. मी तोफखान्यातून रिटायर झालोय. आमच्याकडे कुठेही पोस्टिंग असलं तरी आधी पाणी, रेशन, मेडिकल बघतात मग माणसं हलवतात. या लोकांचं कोणीच बघत नव्हतं का? पगार तरी मिळायचा का?
(देवळाली कॅम्प)

उत्तर: तुमचा प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. अडचण हीच होती की हे सैनिक राजाचे होते आणि हिंदुस्थानात राजाचं काहीच नव्हतं, ना कोठार ना खजिना. जे काही होतं ते कंपनीचं, आणि कंपनीला हे लोक नको होते. त्यामुळे धनी हजारो मैलांवर, पत्र जाऊन उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष, तोपर्यंत इकडे माणूस जिवंत असेल याची खात्री नाही.

मुंबईत आल्यावर पण फार सुधारलं असं नाही. सखल जमीन, भरतीचं पाणी आत शिरायचं, नारळाच्या झाडांना माशाचं खत घालायचे त्याची दुर्गंधी, आणि ताप तर कायमचाच. इंग्रजांमध्येच तेव्हा म्हण पडली होती की मुंबईत माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. राजाला पण हे बेट परवडेना, म्हणून २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला दहा पौंड भाड्यावर. सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष ताबा गेला आणि सैनिकांना सांगितलं की ज्याला कंपनीच्या चाकरीत यायचंय त्याने यावं. बरेच आले. कंपनीच्या मुंबईतल्या गोऱ्या पलटणीची सुरुवात तिथून झाली.

पगाराचं म्हणाल तर पुढची सगळी भांडणं पगाराचीच. १६७४ मध्ये जेराल्ड ऑंजिये गव्हर्नर असताना सैनिकांनी बंड केलं, ऑंजियेने काही मागण्या मान्य केल्या पण एका कॉर्पोरलला गोळी घालून मारलं. नंतर लंडनच्या संचालकांनी खर्चकपात काढली, पगार कापले, आणि १६८३ च्या डिसेंबरमध्ये कॅप्टन रिचर्ड केग्विनने कंपनीचा डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्ड याला पकडून आख्खं बेटच ताब्यात घेतलं. हा केग्विन म्हणजे १६७९ ला खांदेरीच्या समुद्रात मराठ्यांच्या आरमाराशी लढलेला माणूस. त्याने जाहीर केलं की आम्ही राजाचे, कंपनीचे नाही, आणि जवळजवळ वर्षभर मुंबई चालवली, संभाजी महाराजांशी तह पण केला. १६८४ च्या नोव्हेंबरमध्ये माफीच्या बोलीवर बेट परत दिलं. माझ्या मते हे बंड म्हणजे गद्दारी नव्हती, ज्यांना मरायला पाठवता त्यांचा पगार कापला की हेच होणार.

तुम्ही देवळालीचे म्हणून एक सांगतो. जहाजातून उतरलेल्या माणसाला दमट किनाऱ्यावर ठेवलं की तो आजारी पडतो, हे कळूनही सरकारी कारभाराला शहाणपण यायला दोनशे वर्षं लागली. १८६१ ला देवळालीचा कॅम्प झाला तो याच कामासाठी, नवे आलेले सोल्जर घाटावरच्या कोरड्या हवेत ठेवायचे आणि परत जाणारे जहाज मिळेपर्यंत तिथे थांबवायचे. तिथे पण महिनोन्महिने वाट बघत बसलेली माणसं असायची, पण निदान पाणी आणि हवा चांगली होती.

प्रश्न: हे सगळं चालू असताना आपल्या भागात काय चाललं होतं? शिवाजी महाराजांना या सैनिकांची खबर होती का?
(दिंडोरी, कॉलेज विद्यार्थी)

उत्तर: नाशिक तेव्हा मुघलांकडे, कागदोपत्री गुलशनाबाद. तारखा शेजारी ठेवून बघ म्हणजे मजा येते. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा ऑक्सेंडन आपली वखार धरून बसला होता आणि त्यानेच नाकारलेले सैनिक अंजदीववर मरत होते, सुरतेत असते तर त्याच्याच उपयोगी पडले असते. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः समुद्रमार्गे बसरूरला गेले आणि परत येताना गोकर्ण, अंकोला करत कारवारला आले, तिथल्या इंग्रज वखारीने पण खंडणी भरली. म्हणजे कुकचे लोक मुंबईत ताबा घेत होते त्याच महिन्यात महाराज अंजदीवच्या समोरच्या किनाऱ्यावर होते. कारवारसारख्या बंदरातली बातमी त्यांच्या हेरांपासून लपून राहिली असेल असं मला वाटत नाही.

आणि तुझ्या गावाचा तर थेट संबंध आहे. ऑक्टोबर १६७० ला दुसऱ्यांदा सुरत लुटून परत येताना १७ तारखेला मुघल सरदार दाऊदखानाशी लढाई झाली ती वणी-दिंडोरीच्याच रानात. सुरत अशी दोनदा लुटली गेल्यावर कंपनीला कळलं की भिंती असलेली आपली स्वतःची जागा पाहिजे, आणि मुंबईचं महत्त्व वाढत गेलं.

प्रश्न: अंजदीव बघायला जाता येतं का? मुंबईत त्या काळचं काही उरलंय?
(गंगापूर रोड)

उत्तर: अंजदीव आता नौदलाकडे आहे, कारवारच्या आयएनएस कदंब तळाचा भाग, त्यामुळे आपल्याला सहज जाता येत नाही, किनाऱ्यावरूनच बघायचं. कारभाराने ते गोव्यात मोडतं. १९६१ च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्त करताना आपल्या नौसैनिकांनी तिथे उतरून ते घेतलं, त्यात सात जण शहीद झाले. मुंबईत फोर्टमध्ये जुन्या किल्ल्याचे अवशेष आयएनएस आंग्रेच्या आवारात आहेत, ते पण नौदलाचंच, आधी परवानगी काढावी लागते. आत जायला मिळालं तर दरवाजापाशी दगडात कोरलेले दोन पोर्तुगीज सैनिक आहेत ते नक्की बघा.