पाठलाग सोड, जागा धर

रत्नागिरी

प्रिय बाय,

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर तू काढलेले मुलांचे ६१ फोटो मिळाले. दोनदा पाहिले. 'काका, लेन्स कुठली घेऊ?' हा तुझा प्रश्न आधी निकालात काढतो. काही घेऊ नकोस. पैसे ठेव जवळ.

६१ पैकी माझ्या मते एकच फोटो जमलाय, ४७ नंबरचा. भाची एका पायावर उभी राहून चपलेतली वाळू झटकतेय आणि तोल जाऊ नये म्हणून तिने आजीचा पदर मुठीत धरलाय. आजीचा चेहरासुद्धा नाही त्यात, नुसता पदर आणि कोपर. बाकीच्यांत एकतर भाचा दोन बोटं वर करून दात दाखवतोय, नाहीतर तो पळतोय आणि त्याच्यामागून तू. पाठमोरे किती आलेत ते मोज एकदा.

पाग टाकणारा माणूस पाहिलायस ना? गुडघाभर पाण्यात जाळं खांद्यावर घेऊन उभा असतो. माशांमागे पळत नाही. पाणी कुठे गढुळतंय, सावली कुठे हलतेय, बघत राहतो. तुलाही तेच करायचंय. आधी जागा धर, उजेड ठरव, मग बस. मुलं खेळत खेळत तिथे येतात. पहिली दहा मिनिटं ती तुझ्याकडेच बघणार, बोटं वर करणार. काढ तेही दोन फोटो, दाखव त्यांना, हौस फिटू दे. मग ती तुला विसरतात.

हे विसरणं लवकर व्हावं असं वाटत असेल तर कुर्ल्या, म्हणजे बारीक खेकडे, शोध. ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते. नखाएवढ्या कुर्ल्या वाळूतलं खाणं चोखून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. त्या बिळाशी मूल एकदा उकिडवं बसलं की जगबुडी आली तरी उठत नाही. तिथे तुला चेहरा मिळेल.

लाटेचंही तसंच. लाट अंगावर येताना सगळे ओरडतात, तो फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असतो. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकते आणि मूल एकदम गप्प होऊन खाली बघतं. तेव्हा काढ. शटरचा वेग सेकंदाच्या १/१००० च्या खाली आणू नकोस. मोबाईल असेल तर एकामागोमाग फोटो काढायची सोय (बर्स्ट) वापर.

आता ओहोटी. तू गेलीस ती अष्टमी होती, मी कालनिर्णय उघडून पाहिलं. आपल्याकडचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण भरती, किनाऱ्याची उरलेली पट्टी आणि त्यात सगळी गर्दी. तुझ्या फोटोंत मागे अनोळखी पोटं आणि भेळेचे कागद आलेत ते त्यामुळे. पौर्णिमा-अमावस्येला भरती अकरा-बाराच्या सुमारास, म्हणून ओहोटी पाच-सहाला. पाणी लांब जातं, ओली वाळू आरशासारखी पसरते, गर्दी पांगते. हिशेब मिनिटावर येत नाही, पण बेत ठरवायला पुरतो.

दुसरं, आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून काढलेस तर चेहरे काळे पडणारच, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. काळ्या आकृत्याच हव्या असतील तर दोन मुलं एकमेकांवर येऊ देऊ नकोस, हातापायांमधून उजेड दिसला पाहिजे. चेहरे हवे असतील तर पाण्याच्या कडेला जा आणि जमिनीकडे तोंड कर. मात्र हे भाट्यासारख्या सपाट किनाऱ्यावर. गणपतीपुळ्याला समुद्राकडे पाठ करायची नाही. तिथलं पाणी ओढतं. आणि डोळा कॅमेऱ्याला लावलेला माणूस मुलांवर लक्ष ठेवतोय असं धरायचं नाही, दुसरं कोणीतरी मोकळं हवंच.

क्षितिजाची रेघ तुझ्या बऱ्याच फोटोंत मुलांच्या मानेतून गेलीय. ती रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. कॅमेरा मुलाच्या कमरेशी धरलास की रेघ कमरेशी आणि डोकं मोकळ्या आभाळात. थोडक्यात, बस वाळूत. कपडे धुता येतात.

उजेडाचं एकच सांगतो. कॅमेरा समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं करू बघतो. गणपतीपुळ्याच्या पांढऱ्या वाळूवर त्यामुळे चेहरे अंधारतात, तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण-एक स्टॉप (उजेड मोजायची पायरी) वाढव. मांडवीच्या काळ्या वाळूवर उलटं, तिथे थोडं कमी कर. मोबाईलवर चेहऱ्याला बोट लाव आणि उजेड वरखाली सरकव. हो, लेन्स पुसतेस ना? खारा वारा दहा मिनिटांत काचेवर पडदा धरतो. शेवटचे वीस फोटो धुरकट आहेत ते धुक्याने नव्हेत.

माझी एक चूक सांगतो. रोलचे दिवस, ३६ फोटोंत सगळं भागवायचं. माझ्या मुलीने वाळूच्या ढिगावरून उडी मारली आणि माझं बटण उशिरा दाबलं गेलं. मी म्हटलं, परत मार. तिने मारली. परत. तिसऱ्यांदा ती उडी मारायच्या आधी माझ्याकडे बघून हसली, स्टुडिओत हसतात तसं. त्या फोटोत सगळं जागच्या जागी आहे आणि तो मी कधी फ्रेम केला नाही. हुकलं तर हुकू दे.

परक्यांची मुलं आली तर आधी आईबापांना विचार, नंतर फोटो दाखव, ते नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पूस. उघड्या अंगाने खेळणाऱ्या मुलांचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत, आपल्या घरच्यांचेसुद्धा.

दिवाळीत येतेस का? लक्ष्मीपूजनाला अमावस्या असते, पण त्या संध्याकाळी कोणी घरातून सोडणार नाही. पाडव्याला ये. पाच वाजता भाट्याला, सुरूच्या बनाशी. दोघांनाही आण. आणि भाच्याला तो चकचकीत पोपटी टीशर्ट घालू नकोस, सगळी नजर तोच खातो.

तुझा,
काका