मी बनवलेले मण्यांचे दागिने दुसऱ्या कारागीर बायकांना दाखवावेत का? कॉपी करतील ना?

ताई, तुमचा प्रश्न असा की तुम्ही घरी मण्यांचे कानातले, नेकलेस बनवता, ओळखीच्या आणखी काही जणी पण हेच करतात, त्यांना आपलं काम दाखवायला मन धजत नाही कारण कॉपी होईल, आणि दाखवायचंच झालं तर काय दाखवायचं नि काय नाही. शिवाय खाली एक छोटा प्रश्न, नाशकात नवीन आहात तर चांगले मणी कुठे मिळतात.

माझं सरळ उत्तर आहे, दाखवा. डिझाइन दाखवा, उलटी बाजू दाखवा, आणि खर्चाचा हिशोब पण दाखवा जो कोणीच दाखवत नाही. अपवाद एकच आहे तो पुढे सांगते.

माझ्या सासरी गाठवण्याचं काम आहे, म्हणजे मंगळसूत्र, पोत, मोत्याचे सर, तन्मणी, हे सगळं ओवून गाठवून द्यायचं, पटवेकरी म्हणतात ना ते. सराफ बाजाराच्या अंगाला छोटी बैठक आहे, सासरे अजून बसतात. आता बघा हे काम कसं चालतं, बाई तुटलेली पोत रुमालात बांधून आणते आणि समोर स्टुलावर बसून राहते, उठत नाही, कारण सोन्याचे मणी असतात, वाट्या असतात, नजरेआड जाऊ द्यायचे नसतात. म्हणजे पिढ्यान् पिढ्या सगळं काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर चाललंय. शेजारचा पण बघतो, त्याचं पोरगं पण बघतं. आणि तरी बायका अमक्याकडेच गाठवायचं म्हणून थांबतात, का तर त्याची गाठ सरकत नाही आणि सर गळ्यात सरळ पडतो. बघून जे उचलता येतं ते फार थोडं असतं हो, हातातला ताण फोटोत येत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघतेय, त्यामुळे डिझाइन लपवायचं असतं हे मला मुळात पटतच नाही.

आणि लपवणार काय? पेयोट आणि ब्रिक स्टिच (सुई-दोऱ्यानं मणी विटांसारखे रचत विणायच्या दोन पद्धती), जाळीचं विणकाम, लूमवरचं म्हणजे छोट्या मागावरचं काम, यातलं काहीच तुमचं माझं नाही. मणी ओवणं तर नाशकात कधीपासून चाललंय, १९५०-५१ ला पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी गोदाकाठी मातीच्या गढीवर उत्खनन केलं तेव्हा जुन्या थरांतून मणी पण निघाले होते. तंत्रावर कोणाचा हक्क नसतो. तुमचं काय असतं, तर तुम्ही काढलेला चार्ट, रंगांची निवड, आणि तो तुकडा. तोता-मोर पण कोणाचा नाही. आमच्याकडे येवला जवळ असल्यामुळे प्रत्येक जण कधी ना कधी पैठणीच्या पदरावरचा मोर मण्यांत करून बघतेच, तो करा की, फक्त विकताना ‘पैठणी ज्वेलरी’ म्हणून मिरवू नका, पैठणीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाच्या नावाची सरकारी नोंद, मिळालेलं आहे आणि ते साड्या-कापडासाठी आहे, आपण मण्यांचं काम करतो तर मण्यांचं म्हणावं.

आता अपवाद. एखादं डिझाइन खरंच नवीन आहे, त्याचा साचा करून भरपूर नग काढायचा विचार आहे आणि कायद्यानं राखून ठेवायचंय, तर ते आधी कोणालाच दाखवू नका. आपल्याकडे डिझाइन कायदा २००० चा आहे, त्यात अर्ज करायच्या आधी डिझाइन चारचौघांत आलेलं असेल, फोटो टाकलेला असेल, तर ते नवं धरत नाहीत आणि नोंदणी मिळत नाही. नोंदणी झाली तर १० वर्षं संरक्षण, पुढे आणखी ५ वाढवता येतात. नोंदणी न करता कॉपीराइटच्या भरवशावर बसायचं म्हटलं तर तिथे पण गोम आहे, नोंदणी होण्यासारखं डिझाइन असून केली नाही आणि औद्योगिक पद्धतीनं ५० पेक्षा जास्त नग निघाले की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. पण खरं सांगू का, घरी बसून चार जोड कानातले करणाऱ्या आपल्यासारख्यांना यातलं काही लागत नाही, कारण पुढच्या महिन्यात आपणच ते डिझाइन सोडून दुसरं करायला घेतलेलं असतं.

दुसऱ्याचं घेताना मात्र नियम कडक ठेवा. कोणाचा पॅटर्न विकत घेतला असेल तर ती पीडीएफ ग्रुपवर फिरवायची नाही, सगळ्यांनी वर्गणी काढून एक घेऊ आणि वाटू असं सुचवणारी एक जण प्रत्येक ग्रुपात असतेच, तिला तिथेच थांबवा. आणि कोणाचं बघून केलं तर तिचं नाव लिहा, त्यानं कमीपणा येत नाही.

आता काय दाखवायचं. नुसता पुढून काढलेला गोड फोटो टाकला तर खाली ‘वा’, ‘सुंदर’, आणि हात जोडलेल्या इमोजी, यातून तुम्हाला काय मिळालं? काहीच नाही. कारागिराला कारागिरानं उलटी बाजू दाखवायची असते. दोरा कुठे संपवलाय, गाठ कुठे लपवलीय, गिअर लॉक (वायरचं टोक पकडायला दाबून बसवतात तो धातूचा बारीक मणी) किती दाबलंय, कडी कशी बसवलीय. आमच्या ग्रुपात (आम्ही काही जणी अधूनमधून कोणाच्या तरी घरी जमतो, कधी कॉलेज रोडला कधी इंदिरानगरला, ज्या घरी उजेड चांगला तिथे) पद्धत अशी की वस्तू आधी पालथी ठेवायची. आणि विचारताना नेमकं विचारायचं. ‘कसं झालंय?’ विचारलं की उत्तर छानच येणार, समोरची पाहुणी आहे, चहा प्यायलीये. त्यापेक्षा ‘हे पेंडंट सारखं उलटं पडतंय, कशानं?’ असं विचारा, मग चौघी तुटून पडतात. एक म्हणते कडी एकच आहे दोन लाव, दुसरी म्हणते वरचा मणी जड झालाय, आणि तेवढ्यात तिसरी ते गळ्यात घालून आरशासमोर पण जाऊन येते.

पॅटर्न शेअर करत असाल तर मण्याची पूर्ण माहिती द्या, ‘लाल बारीक मणी’ हे काही वर्णन नाही. साइज लिहा, ११/० की ८/०, नवीन लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो कारण आकडा मोठा तसा मणी लहान, ८/० साधारण ३ मिलिमीटर, ११/० साधारण २, आणि १५/० तर दीडच्या आसपास, चष्मा लागतो. कुठला मणी ते लिहा. आपल्याकडचे साधे काचेचे मणी स्वस्त असतात पण एकाच पुडीत जाड-बारीक निघतात, निवडून घ्यावे लागतात, तांदूळ निवडल्यासारखे ताटात पसरून. झेक मणी थोडे चपट्या गोलाईचे. जपानी, म्हणजे मियुकी नाहीतर तोहो कंपनीचे, एकसारखे असतात, त्यातला डेलिका तर नळीसारखा, भोक मोठं, पेयोटला फार छान बसतो, पण महाग. हे मणी वजनावर मिळतात, ११/० डेलिका एका ग्रॅममध्ये अंदाजे २०० बसतात, म्हणजे पॅटर्नमध्ये मण्यांची संख्या दिलीत की समोरची स्वतःच हिशोब करेल किती ग्रॅम मागवायचे.

चार्टबद्दल एक सांगायचंच राहिलं असतं. चौकटीच्या वहीवर मोर काढला आणि तसाच विणला तर तो ताणल्यासारखा नाहीतर दबल्यासारखा दिसतो, कारण मणी चौकटीसारखा चौरस नसतो, आणि तुम्ही कुठल्या दिशेनं विणता त्यावर कुठे बिघडणार ते ठरतं. त्यासाठी मण्यांच्या मापाचा वेगळा ग्राफ वापरायचा. पेयोट आणि ब्रिक स्टिच तयार झाल्यावर सारखंच दिसतं, फक्त एक नव्वद अंशात फिरवलेलं, म्हणून पॅटर्नवर कुठलं ते लिहून बाण काढून ठेवा. आणि पेयोटमध्ये विषम संख्येनं सुरुवात केली तर एका कडेला वळताना जास्तीचा वळसा घ्यावा लागतो, सम संख्येला ती भानगड नाही, शिकवायला घेतलंत तर पहिला तुकडा समचाच द्या, पोरी वैतागून सोडून देतात नाहीतर.

रंग जाण्याचं पण एकमेकींना सांगत जा, ही माहिती दुकानदार कधीच देत नाही. जांभळे, गुलाबी मणी बऱ्याचदा रंगवलेले असतात, आणि चमकदार सोनेरी-चंदेरी मुलामा घासून आणि घामानं निघतो. नवीन पुडी आली की थोडे मणी खिडकीत उन्हात ठेवायचे, थोडे नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसायचे, कापूस रंगला की समजायचं. आमच्यात ज्या कोणी पुडी आणली तिनं ही टेस्ट करायची आणि फोटो टाकायचा. एवढ्या एका गोष्टीसाठी जरी ग्रुप असला तरी वसूल.

दोऱ्यावरून भांडणं होतात, होऊ द्या. सासऱ्यांच्या मते अस्सल मोत्याला रेशीम, प्रत्येक मोत्यानंतर गाठ, म्हणजे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि तुटलं तरी सगळे घरभर पळत नाहीत. मला बारीक विणकामाला नायलॉनच बरा वाटतो. काचेच्या मण्यांच्या भोकाची कड धारदार असेल तर दोरा कापला जातो म्हणून जड नेकलेसला गिअर वायर, म्हणजे प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक धातूची तार, पण वायरचा नेकलेस गळ्यावर लवत नाही, ताठ राहतो. हे घालून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून आम्ही एकमेकींचे नमुने घरी नेतो, स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, ओढणीत अडकवून, सगळं करून मग परत आणतो. बाहेरचं गिऱ्हाईक एवढं बोलून दाखवत नाही, ते फक्त पुन्हा येत नाही.

आता हिशोबाचं, आणि माझं यावर फार ठाम मत आहे. बायका डिझाइन लपवतात आणि भाव पाडतात. नुकसान भाव पाडण्यानं होतं. डोंगरे मैदानावर नाहीतर कुठेही बचतगटाचं प्रदर्शन लागलं की बघा, शेजारशेजारच्या दोन स्टॉलवर एकाच मापाचं काम, एकीचा भाव दुसरीच्या निम्मा, आणि ती निम्म्यात विकणारी सांगते ‘घरबसल्या करते हो, वेळच जातो’. वेळ जातो म्हणजे काय, डोळे जातात! तिच्या त्या भावात मणी, हूक, दोरा आणि डबी एवढंच बसतं, मजुरी शून्य. मग गिऱ्हाईक मजुरी धरणाऱ्यांना लुटारू समजतं. म्हणून आमच्यात वस्तूबरोबर चिठ्ठी ठेवायची असते, मणी एवढ्याचे, फिटिंग एवढ्याचं, तास एवढे, आणि भाव एवढा. पहिल्यांदा सगळ्यांना लाज वाटते, तास खोटे कमी सांगतात, मग हळूहळू खरे आकडे यायला लागतात. कोणाची डिझाइन कॉपी झाली म्हणून आमच्यात रडारड झालेली मला आठवत नाही, भाव पाडण्यावरून मात्र तोंडं फिरवून झालीत.

फोटोचं थोडक्यात. सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश बंद, खाली साधं सुती कापड, फोनचा ब्यूटी का काय तो मोड बंद. मापासाठी शेजारी पट्टी ठेवा. मणी चमकतात त्यामुळे थेट उन्हात नको, पातळ पडदा ओढून घ्या. झालं.

आणि तुमच्या त्या बायका दाखवत नसतील, तुम्हीच दाखवताय असं झालं तर? सुरुवातीला होईलच तसं. मी असते तर आधी तयार वस्तू नेली नसती, अडलेली वस्तू नेली असती. मदत मागितली की माणसं आपलं पण काढून दाखवतात, तयार वस्तू बघितली की जरा आखडतात. तरीही कोणी नुसतं घेतच राहिली, देत काहीच नाही, तर तिला नमुने घरी देणं बंद करा, बोलून दाखवायची पण गरज नाही.

मणी नाशकात कुठे, तर साधे काचेचे मणी, काळी पोत, दोरे, हूक, कड्या हे मेनरोड आणि सराफ बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत मिळून जातं, गाठवणाऱ्यांकडे विचारलंत तर तेच सांगतात कोणाकडे काय आहे. रुद्राक्ष, तुळशीचे मणी हवे असतील तर त्र्यंबकला जा, पण सिंहस्थ तोंडावर आलाय त्यामुळे भाव चढे असणार, आणि रुद्राक्षाची भोकं सारखी नसतात, आपली सुई सोबत न्या. जपानी मणी आम्ही ऑनलाइन एकत्र मागवतो, पोस्टेज वाटून घेतो. बाकी जास्त माल घ्यायचा असेल तर मुंबईला भुलेश्वर, सकाळी पंचवटी एक्स्प्रेसनं जायचं आणि संध्याकाळी पंचवटीनंच परत, दोघी-तिघी असल्या की होलसेलची पुडी फोडून वाटून घेता येते. जाताना आपल्याला हवा त्या मण्याचा नमुना दोऱ्यात ओवून न्या, नुसतं काळा म्हणालात तर तिथे पन्नास तऱ्हेचे काळे काढून ठेवतात, आणि रविवारी जाऊ नका, होलसेलवाले बहुतेक बंद असतात.